चकवा, भूलन कांदा आणि पाठलाग : रानातील भयपटाचा एक तौलनिक विचार

१

शहरातील काही तरुण चार-दोन दिवसांच्या मुक्कामासाठी रानात जातात. तंबू ठोकतात, शेकोटी पेटवतात, थट्टामस्करी करतात. मग कोणीतरी आपल्या मागावर आहे असे त्यांना जाणवू लागते. वाट चुकते, एकेक जण नाहीसा होतो, आणि शेवटी परतणारा कोणी उरत नाही; उरलाच तर एखादा, तोही घडले ते सांगण्यापुरता. अल्प भांडवलावर काढलेल्या भयपटांचे हे एक ठरीव कथासूत्र आहे. अमेरिकेत १९७० नंतरच्या दहा-बारा वर्षांत ते चांगलेच रूढ झाले. वेस क्रेव्हन यांच्या ‘द हिल्स हॅव आइज’ (१९७७) या चित्रपटात ओसाड प्रदेशात अडकलेले एक प्रवासी कुटुंब आहे. शॉन कनिंगहॅम यांच्या ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ (१९८०) मध्ये तळ्याकाठचे मुलांचे उन्हाळी शिबिर आहे. सॅम रेमी यांच्या ‘द ईव्हिल डेड’ (१९८१) मध्ये रानातील एकाकी घर आहे. स्थळे निराळी असली तरी सूत्र एकच आहे.

हलक्या मानल्या गेलेल्या या चित्रप्रकाराकडे भारतीय साहित्याच्या अभ्यासकाने का वळावे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे, की या सूत्राचे मूळ चित्रपटात नाही, लोककथेत आहे. रानात वाट चुकणे, त्याच त्या जागी पुन्हा पुन्हा येणे, ओळखीच्या माणसाला पारखे होणे, हा अनुभव आपल्या भाषांनी फार पूर्वीपासून नोंदवला आहे आणि त्याला नावेही दिली आहेत. मराठीत त्याला ‘चकवा’ म्हणतात. छत्तीसगडीत ‘भूलन’ म्हणतात. ज्या गोष्टीला एका भाषेत नाव आहे ती त्या भाषेपुरती काहीशी आटोक्यात आलेली असते. जिला नाव नाही ती मोकळी राहते. भयपटाच्या परिणामाचे बरेचसे रहस्य या भेदात आहे असे मला वाटते.

या विचारासाठी रायपूर हे ठिकाण विशेष सोयीचे आहे. रायपूरचा आणि मराठीचा संबंध जुना आहे. अठराव्या शतकात छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आले. बिंबाजी भोसले यांनी १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपुराहून तेथील कारभार पाहिला. आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत रायपूर ज्या प्रांतात होते त्याची राजधानी नागपूर हीच होती. मराठी कुटुंबे तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. म्हणजे चकवा आणि भूलन हे दोन्ही शब्द एकाच घरात कानी पडावेत अशी ही जागा आहे. शिवाय या शहरापासून थोड्या अंतरावर रान सुरू होते आणि त्या रानाविषयी एक चित्रपटही छत्तीसगडीत निघाला आहे. त्याचा विचार पुढे यावयाचा आहे.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे : पाश्चात्त्य पद्धतीच्या रानातील भयपटात भयाचे कारण ‘दुसरे कोणी’ हे असते, छत्तीसगडच्या लोकसमजुतीत मात्र भयावरचा उतारा ‘दुसरे कोणी’ हाच असतो. या दोन दृष्टींतील अंतर कथातंत्रापुरते नाही. त्यामागे समाजाच्या वर्तनाचा एक गंभीर प्रश्न उभा आहे.

२

या चित्रप्रकाराचे सर्वांत शुद्ध उदाहरण म्हणून ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ या चित्रपटाकडे पाहता येते. डॅनियल मायरिक व एदुआर्दो सांचेझ हे त्याचे दिग्दर्शक. १९९७ च्या ऑक्टोबरात, अमेरिकेतील मेरीलँड राज्यात, अवघ्या आठ दिवसांत त्याचे मुख्य चित्रण झाले. जानेवारी १९९९ मध्ये सनडान्स महोत्सवात तो दाखवला गेला आणि त्याच वर्षीच्या जुलैत सर्वत्र प्रदर्शित झाला. चित्रणाचा मूळ खर्च साठ हजार डॉलरांच्या आसपास सांगितला जातो. जगभरातील उत्पन्न मात्र २४ कोटी डॉलरांच्या वर गेले. व्यापाराच्या दृष्टीने ही गोष्ट आश्चर्याची खरीच. पण अभ्यासकाला महत्त्वाचे वाटावे ते निराळेच आहे. येथे पैशाच्या अभावातून एक निवेदनपद्धती जन्माला आली.

कथा अशी आहे. हेदर, जॉश आणि माइक हे तिघे तरुण बर्किट्सव्हिल या गावाजवळच्या रानातील चेटकिणीच्या दंतकथेवर माहितीपट काढण्यासाठी जातात. गावातील माणसांच्या मुलाखती घेतात, मग रानात शिरतात आणि परत येत नाहीत. त्यांनी टिपलेले चित्रण तेवढे पुढे सापडते आणि आपण जे पाहतो ते तेच, असा चित्रपटाचा दावा असतो. हे सांगण्यासाठी निराळा छायाचित्रकार नेमलेलाच नाही. नटांच्याच हाती दोन कॅमेरे दिले होते, एक सोळा मिलिमीटरचा कृष्णधवल आणि दुसरा साधा व्हिडिओ. पुढे कोठे जावयाचे ते उपग्रहाच्या साहाय्याने स्थान दाखवणाऱ्या उपकरणावरून त्यांना कळे. प्रत्येकासाठी सूचनांच्या चिठ्ठ्या ठरल्या जागी ठेवलेल्या असत. संवाद बहुतेक त्यांनी आयत्या वेळी बोललेले आहेत. दिवसेंदिवस त्यांचे खाणे कमी करण्यात आले. रात्री दिग्दर्शक व त्यांचे सहकारीच बाहेरून आवाज करीत व तंबू हलवीत. पडद्यावर दिसणारी त्रासलेली, थकलेली मुद्रा म्हणूनच सर्वस्वी अभिनयाची नाही. अशा रीतीने जमलेल्या सुमारे वीस तासांच्या चित्रणातून दीड तासाहूनही लहान असा चित्रपट संकलनाने घडवला.

या चित्रपटात चेटकीण कधीच दिसत नाही. दिसतात त्या काही खुणा. तंबूभोवती रचलेले दगडांचे ढीग, झाडांना टांगलेल्या काटक्यांच्या मानवी आकृती, अंधारात ऐकू येणारे लहान मुलांचे आवाज, आणि शेवटी एका पडक्या घरातील कोपऱ्याकडे तोंड करून उभा असलेला माइक. पाठमोऱ्या माणसाला उभे करण्यास खर्च येत नाही. परंतु आरंभीच्या मुलाखतींत एका खुन्याची हकिकत प्रेक्षकाच्या कानावर पडलेली असते : तो मुलांना दोघा-दोघांनी घरात नेई आणि एकाला कोपऱ्यात तोंड करून उभे करी. हे वाक्य ज्याला आठवते त्यालाच शेवटच्या दृश्याचा अर्थ लागतो. म्हणजे भय दृश्यात नाही, ऐकलेल्या गोष्टीच्या स्मरणात आहे. हे तंत्र आपल्या परिचयाचे आहे. आजीने सांगितलेली भुताची गोष्ट ऐकताना काही भ्यायला होत नाही. रात्री परसात जाण्याची वेळ आली म्हणजे ती आठवते.

३

या चित्रपटातील सर्वांत परिणामकारक प्रसंग चेटकिणीचा नाही, वाटेचा आहे. नकाशा आधीच नाहीसा झालेला असतो. त्रासून माइकनेच तो ओढ्यात फेकून दिला होता. मग होकायंत्र हाती धरून तिघे दिवसभर दक्षिणेकडे चालत राहतात आणि संध्याकाळी एका ओढ्यावरच्या ओंडक्यापाशी पोचतात. तो ओंडका सकाळचाच असतो. आजवर एकमेकांवर चिडणारी ती मुले येथे प्रथमच खऱ्या अर्थाने खचतात.

मराठी वाचक हा प्रसंग पाहताच एक शब्द उच्चारील : चकवा. कोकणात, मावळात, विदर्भातील झाडीपट्टीत या समजुतीची रूपे निरनिराळी आढळतात, परंतु गाभा एकच राहतो. माणूस ओळखीच्या वाटेवर असतो. तरी ती संपत नाही. तो रात्रभर चालतो आणि उजाडल्यावर पाहतो तर एकाच शेताभोवती किंवा एकाच झाडाभोवती फिरत राहिलेला असतो. ‘चकवा लागला’ असे म्हणताच ऐकणाऱ्याला सारे समजते. येथे क्रियापदाकडे लक्ष द्यावे. चकवा दिसत नाही, भेटत नाही, झपाटत नाही; तो ‘लागतो’, जशी ठेच लागते, ऊन लागते, नजर लागते. ही भाषा एखाद्या राक्षसाचे वर्णन करीत नाही. माणूस आणि जागा यांच्यात बिघडलेल्या संबंधाचे ते वर्णन आहे. म्हणूनच जुनी माणसे त्यावर जो उपाय सांगतात तोही साधाच असतो : धावू नये, जागीच बसावे, तांबडे फुटण्याची वाट पाहावी.

या समजुतीला अनुभवाचा आधार आहे, हेही आता पुरेसे स्पष्ट झाले आहे. जर्मनीतील ट्युबिंगेन येथील माक्स प्लांक संस्थेतील यान साउमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही माणसांना त्यांनी एका मोठ्या सपाट जंगलात व ट्युनिशियाच्या वाळवंटात सरळ रेषेत चालत राहण्यास सांगितले. सूर्य वा चंद्र दिसत होता तोवर ती बऱ्यापैकी सरळ चालली. आकाश झाकले गेले तेव्हा जंगलातील माणसे वर्तुळात फिरू लागली आणि आपलीच वाट पुन्हा ओलांडत असल्याचे त्यांच्या ध्यानातही आले नाही. डोळे बांधलेल्या माणसांची काही वर्तुळे तर वीस मीटरांहूनही कमी व्यासाची होती. बाहेरची खूण हरवली म्हणजे ‘सरळ’ या कल्पनेतील बारीक बारीक चुका साचत जातात आणि त्यांचे वर्तुळ होते. चकवा हा शब्द ज्यांनी घडवला त्यांनी कारण निराळे कल्पिले असेल, पण निरीक्षण चुकीचे केले नव्हते.

त्या तीन अमेरिकन तरुणांपाशी या अनुभवासाठी शब्द नाही. ते आपसांत दोषारोप करतात : नकाशा कोणी फेकला, दिशा कोणी सांगितली, येथे यावयाचे कोणी ठरवले. नाव नसलेला अनुभव माणसांना एकमेकांपासून तोडतो. शेवटी हेदर एकटीच कॅमेऱ्यासमोर तिघांच्या मातांची क्षमा मागते. तिचा चेहराही चौकटीत पुरता मावत नाही. तिच्या बोलण्याला ऐकणारे माणूस जवळ नाही. यंत्र तेवढे आहे.

४

हे सूत्र भारतीय चित्रपटात आले तेव्हा त्याचे काय झाले? आपल्याकडील अल्पभांडवली भयपटाची परंपरा मुख्यतः रामसे बंधूंची. त्यांचे वडील एफ. यू. रामसे यांच्या ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ (१९७०) या चित्रपटाला यश आले नाही, पण त्यातील पृथ्वीराज कपूर यांचा मुखवटा घालून चोरी करण्याचा प्रसंग पाहण्यास प्रेक्षक येतात हे मुलांच्या ध्यानात आले. त्यातून ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) निघाला. त्याचे चित्रण आपल्या महाबळेश्वरास झाले. दिग्दर्शन, छायाचित्रण, ध्वनी, संकलन ही कामे भावांनी आपसांत वाटून घेतली होती. खर्च वाचवण्याची निकड येथेही होती. परंतु तिने घेतलेले वळण वेगळे आहे. रामसेंच्या चित्रपटात भयाला पत्ता असतो. ते एखाद्या हवेलीत, तळघरात, जुन्या देवळात राहते. ‘पुराना मंदिर’ (१९८४) मध्ये शहरातील तरुण वडिलोपार्जित हवेलीत जातात ते आपल्या घराण्यावरील शापाचा उगम शोधण्यासाठी. रान हे तेथे हवेलीपर्यंतच्या वाटेवरचे नेपथ्य आहे. भय अनोळखी भूमीचे नाही; पूर्वजांच्या इतिहासाचे आहे.

पाश्चात्त्य सूत्राच्या अधिक जवळ जाणारा चित्रपट म्हणजे राम गोपाल वर्मा यांचा ‘अज्ञात’ (२००९). चित्रीकरणासाठी घनदाट रानात उतरलेल्या मंडळींचा कॅमेरा बिघडतो. तो दुरुस्त होईपर्यंत ती रानात भटकावयास निघतात आणि अदृश्य अशा कशाचे तरी भक्ष्य होऊ लागतात. मारणारे काय आहे ते अखेरपर्यंत दाखवलेले नाही. येथे कथेच्या रचनेतील एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे : रानाची माहिती असलेला वाटाड्या आरंभीच मारला जातो. ही योजना सहज केलेली नाही, आवश्यक आहे. वाटाड्या जिवंत असेल तर रान अनोळखी राहत नाही, आणि रान अनोळखी राहिले नाही तर हा चित्रप्रकारच संभवत नाही. ‘ब्लेअर विच’मध्ये तिघांनी वाटाड्या घेतलेलाच नाही. जाणत्या माणसाला कथेबाहेर ठेवणे ही या सूत्राची पहिली अट आहे.

मराठीत याच अटीला छेद देणारा प्रयत्न विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’ या २०१७ मध्ये प्रदर्शित झालेल्या चित्रपटात दिसतो. येथे रान नाही, उसाचा फड आहे. त्या फडाच्या मधोमध एक घर आणि त्या घरात एक गर्भवती स्त्री. ऐकू येणारे मुलांचे आवाज येथेही आहेत. परंतु ज्या पापामुळे ही जागा पछाडलेली आहे ते पाप स्त्रीभ्रूणहत्येचे आहे, आणि ते करणारी माणसे आसपासचीच, नात्यातली आहेत. उसाचे पीक माणसाने लावलेले असते. त्यात हरवणे म्हणजे निसर्गात हरवणे नव्हे, माणसाने केलेल्या व्यवस्थेत हरवणे होय. जाणता माणूस येथे कथेत आहे, पण तोच भयाचा धनी आहे. रानातील भयपटाचे हे खास आपल्याकडचे रूपांतर म्हणावे लागेल.

५

आता छत्तीसगडकडे वळू. १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आलेल्या या राज्याचे सुमारे ४४ टक्के क्षेत्र वनक्षेत्र म्हणून नोंदलेले आहे. रायपुराहून काही तासांत पोचता येणारे बारनवापारा अभयारण्य १९७६ मध्ये स्थापन झाले. त्याचे क्षेत्र २४५ चौरस किलोमीटर आहे. त्याचे नाव बार आणि नवापारा या दोन वनग्रामांवरून पडले आहे. अभयारण्यालाच गावांची नावे असावीत ही गोष्ट बोलकी आहे. येथील रान निर्मनुष्य नाही. तेथे महुआ वेचणारे, तेंदूपाने गोळा करणारे, गुरे वळणारे लोक वावरतात. वाटांना, ओढ्यांना, टेकड्यांना नावे असतात. ज्याला शहरी पर्यटक ओसाड म्हणतो तो कोणाच्या तरी घराचा परिसर असतो. म्हणून पाश्चात्त्य सूत्र जसेच्या तसे येथे आणले तर रानातील माणसाला एक तर अदृश्य करावे लागते, नाही तर राक्षस करावे लागते. ‘द हिल्स हॅव आइज’मध्ये दुसरी गोष्ट केलेली आहे.

छत्तीसगडच्या लोकांनी रानात वाट चुकण्याचा विचार कसा केला? त्यांच्या समजुतीप्रमाणे रानात ‘भूलन कांदा’ नावाची एक वनस्पती असते. तिच्यावर ज्याचा पाय पडतो त्याला भूल पडते. त्याचे भान हरपते, घराची वाट आठवत नाही, तो तेथल्या तेथे भटकत राहतो. ही भूल आपली आपण उतरत नाही. दुसऱ्या माणसाने येऊन त्याला स्पर्श केला म्हणजे तो भानावर येतो. ही वनस्पती नेमकी कोणती हे ठरवणे वनस्पतिशास्त्राचे काम आहे. आपल्याला महत्त्वाचा आहे तो या समजुतीचा आकार. चकव्यावरचा उपाय वेळ हा आहे; उजाडेपर्यंत थांबावयाचे असते. भूलनवरचा उपाय माणूस हा आहे.

या समजुतीवर संजीव बख्शी यांनी ‘भूलन कांदा’ ही हिंदी कादंबरी लिहिली आणि तिच्या आधारे मनोज वर्मा यांनी ‘भूलन द मेझ’ हा चित्रपट काढला. सदुसष्टाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत, म्हणजे २०२१ मध्ये जाहीर झालेल्या पुरस्कारांत, त्याला सर्वोत्कृष्ट छत्तीसगडी चित्रपटाचा पुरस्कार मिळाला. २०२२ मध्ये तो प्रदर्शित झाला. भकला ही मुख्य भूमिका करणारे ओंकारदास मानिकपुरी हबीब तन्वीर यांच्या ‘नया थिएटर’मध्ये घडलेले नट आहेत, आणि हबीब तन्वीर हे रायपूरचेच. १९६५ मध्ये मनू नायक यांच्या ‘कहि देबे संदेस’ने सुरू झालेल्या छत्तीसगडी चित्रपटाच्या वाटचालीत मोठे भांडवल क्वचितच लाभले. साधनांची अल्पता येथेही आहे. पण तिचा उपयोग भिवविण्यासाठी केलेला नाही.

कथा थोडक्यात अशी. जमिनीच्या तंट्यात, झटापटीत, भकलाच्या हातून अनवधानाने एक माणूस मरतो. भकलाला बायकामुले आहेत. गाव विचार करते आणि ज्याच्यामागे कोणी नाही असा गांजा हा माणूस गुन्हा आपल्या माथी घेतो. गावाच्या दृष्टीने हा एक सरळ, माणुसकीचा तोडगा आहे. न्यायालयाच्या दृष्टीने तो अपराध आहे. पुढे न्यायव्यवस्थेच्या चक्रात सारे गाव सापडते. भूलन कांद्यावर पाय पडलेला कोण, हा प्रश्न लेखक येथे उलटा फिरवतो. रानात राहणारी माणसे भानावर आहेत. भान हरपलेली आहे ती शहरातून आलेली व्यवस्था, जी कागदांच्या वर्तुळात फिरत राहते. तिला कोणीतरी स्पर्श करून जागे केले पाहिजे.

हा चित्रपट भयपट नाही. तरीही रानातील भयपटाला दिलेले उत्तर म्हणून तो वाचता येतो. ‘ब्लेअर विच’मध्ये रान आहे, भूल आहे, वर्तुळात फिरणे आहे; फक्त स्पर्श करणारे माणूस नाही. रानात शिरताना भेटलेले दोन मासेमार हीच त्या तिघांना भेटलेली शेवटची माणसे. त्यानंतर जो कोणी जवळ येतो तो मारण्यासाठीच येतो. मागून येणारे पाऊल हे सोडवणाऱ्याचेही असू शकेल, ही शक्यताच त्या कथेने मिटवून टाकलेली आहे. छत्तीसगडच्या समजुतीत मात्र त्याच पावलाची वाट पाहिली जाते.

६

येथेच थांबलो तर लोकपरंपरेचा गौरव आणि पाश्चात्त्य चित्रपटाची निंदा एवढेच पदरी पडेल, आणि ते सत्याला धरून होणार नाही. ज्या समाजाने भूलनवर स्पर्शाचा उतारा सांगितला त्याच समाजात ‘टोनही’ हा शब्दही आहे. टोना, म्हणजे आपण जादूटोणा म्हणतो त्यातला टोणा. तो करणारी ती टोनही. श्रावणी अमावास्येला, हरेलीच्या सणाला, शेतीची अवजारे पुजली जातात, मुले गेडीवर चढतात, दारांना कडुलिंबाच्या डहाळ्या लावल्या जातात. आणि हीच रात्र टोनहीच्या संचाराची मानली जाते. समजूत एवढ्यावर राहिली असती तर ती लोकसाहित्याचा विषय ठरली असती. परंतु गावात मूल आजारी पडले, गुरे मेली, की बोट एखाद्या जिवंत स्त्रीकडे वळते. बहुधा ती वृद्ध असते, विधवा असते, एकटी असते. कधी तिच्या नावावर थोडी जमीन असते. मग मारहाण, धिंड, हद्दपारी आणि काही प्रसंगी हत्या.

हे थांबवण्यासाठी ‘छत्तीसगड टोनही प्रताडना निवारण अधिनियम, २००५’ करावा लागला. भाषेच्या अभ्यासकाने या कायद्याकडे अवश्य पाहावे. एखाद्या व्यक्तीची टोनही म्हणून ओळख लावणे हाच त्यात स्वतंत्र अपराध मानला असून त्याला तीन वर्षांपर्यंत, आणि तशा व्यक्तीचा छळ केल्यास पाच वर्षांपर्यंत सश्रम कारावासाची तरतूद आहे. एका शब्दाने माणसाला नाव ठेवणे हीच हिंसेची पहिली पायरी आहे हे येथे विधिमंडळाने मान्य केले. महाराष्ट्रातही जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये झाला, तो डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर. रायपुरात नेत्रचिकित्सक डॉ. दिनेश मिश्र अनेक वर्षे या समजुतीविरुद्ध गावोगाव प्रबोधन करीत आले आहेत.

हे ध्यानी घेऊन ‘ब्लेअर विच’कडे पुन्हा पाहिले म्हणजे त्या कथेची आजवर न दिसलेली बाजू दिसते. चित्रपटाभोवती त्याच्या कर्त्यांनी जो कल्पित इतिहास रचला, त्यात चेटकीण मुळात कोण आहे? १७८५ मध्ये गावकऱ्यांनी चेटूक केल्याचा दोष ठेवून ऐन हिवाळ्यात रानात हाकलून दिलेली एक बाई. म्हणजे या कथेतील पहिला पाठलाग तरुणांचा नाही, त्या बाईचा आहे. आणि पाठलाग करणारे रान नाही, गाव आहे. चित्रपट ही गोष्ट जाणतो, पण तिच्यावर विचार करीत नाही. तो तिचा उपयोग भयाच्या कारणापुरता करतो आणि प्रेक्षकाची सहानुभूती कॅमेरा हाती असलेल्यांकडे वळवतो. अमेरिकेत ही चैन परवडते. तेथील सेलम गावात १६९२ च्या खटल्यांत एकोणीस माणसांना फाशी दिले गेले. पण तो आता इतिहास आहे. छत्तीसगडात ती परवडत नाही. येथे ‘चेटकीण आहे’ असे सांगणारी कथा चित्रगृहाबाहेर पडताच कोणाच्या तरी दारी जाऊन उभी राहू शकते.

हा धोका अमेरिकेतही अल्पशा प्रमाणात दिसला होता. बर्किट्सव्हिल हे खरे गाव आहे. चित्रपटाच्या यशानंतर तेथे कुतूहलाने माणसे लोटली आणि गावाच्या नावाचे फलकही चोरीस गेले. हेदरची भूमिका करणाऱ्या नटीच्या आईला, मुलगी खरोखरच गेली असे समजून, सांत्वनाची पत्रे आली. सापडलेले खरे चित्रण असा आव आणणाऱ्या कथेवर लोक खरोखर विश्वास ठेवतात. तेथे त्या विश्वासाची किंमत फलकांवर भागली.

७

रानातील भयपटाच्या या विचारातून तीन गोष्टी हाती लागतात. पहिली, साधनांची अल्पता ही स्वतः गुणही नाही आणि दोषही नाही. ती कथेला दाखवण्यापेक्षा सुचवण्याकडे वळवते, आणि सूचन कशाने भरावे हे त्या त्या भाषेतील आधी ऐकलेल्या गोष्टी ठरवतात. दुसरी, वाट चुकण्याचा अनुभव सार्वत्रिक असला तरी त्याचे नाव व त्यावरचा उपाय सार्वत्रिक नाहीत. मराठी माणूस थांबावयास सांगतो, छत्तीसगडी माणूस दुसऱ्याचा हात शोधावयास सांगतो, आणि ज्यांच्यापाशी दोन्ही नाहीत ते धावत राहतात. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, पाठलागाची कथा वाचताना पाठलाग कोण कोणाचा करतो हे प्रत्येक वेळी नव्याने विचारले पाहिजे. रानात चार माणसांच्या मागे एक अदृश्य सावली असते असे कथा सांगते. प्रत्यक्षात पुष्कळदा एका बाईच्या मागे सारे गाव असते.

पुढील अभ्यासासाठी एक सूचना करावीशी वाटते. गडचिरोली व गोंदिया जिल्ह्यांची सीमा छत्तीसगडला लागून आहे. या पट्ट्यात मराठी, छत्तीसगडी, हलबी आणि गोंडी या भाषा एकमेकींच्या शेजारी बोलल्या जातात. चकवा आणि भूलन यांच्या हकिकती तेथे एकत्र संकलित झाल्या पाहिजेत, आणि त्या सांगणाऱ्याचे वय, व्यवसाय, प्रसंग यांच्या नोंदीसह झाल्या पाहिजेत. कोणत्या गावी वाट चुकलेल्याला थांबावयास सांगतात आणि कोणत्या गावापासून पुढे दुसऱ्याच्या स्पर्शाची गोष्ट सुरू होते, हे कळले तर दोन भाषांच्या सीमेविषयी व्याकरणाहून निराळी अशी काही माहिती मिळेल. मात्र टोनहीविषयीच्या कथा जमवताना संकलकाने अधिक सावध राहावे. त्या कथेतील स्त्री बहुधा कल्पित नसते; ती त्याच गावात, दोन घरे सोडून, राहत असते. तिचे नाव नोंदवहीत लिहिण्यापूर्वी त्या लिहिण्याने तिचे काय होईल, याचा विचार आधी व्हावयास हवा.